कालवं येण्याआधी ओतलेली वाईन

६ फेब्रुवारी, मंगळवार
आत्याशी पुन्हा भांडलो! ती म्हणते, यंदाच्या पांढऱ्या वाईनमध्ये सोविन्यों द्राक्षाची जास्त हवी, सेमियों द्राक्षाची थोडीशीच. माझं उलट. सोविन्यों म्हणजे नुसता लिंबाचा फटकारा. सेमियोंला अंग आहे, मधाचा वास आहे!

वाईनच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षी सरांशी असाच तडकलो आणि पिशवी उचलून निघालो. बाबांनी दार लावून घेतलं. ओदेत आत्यानं तिच्या द्राक्षमळ्यावरचं उघडलं. भांडताना नेमकं हेच विसरतो मी.

७ फेब्रुवारी
मायलिस पावाला लोणी लावते, वर मध. मी पाहिलंय.

खाडीकाठी तिच्या वडिलांचं, फेरेओलकाकांचं, कालवांचं खोपटं आहे. गिऱ्हाईकं बाकांवर बसून कालवं खातात, सोबत गरम सॉसेज आणि आमची वाईन. दर शनिवारी खोकी मी पोहोचवतो. ती सुरीनं कालवं उघडत असते. मी बघत असतो. तीन महिने झाले!

८ फेब्रुवारी
केलं!
आत्या दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. जाताना म्हणाली, "शनिवारी कालवं येऊ देत, मग ठरवू." तिची रीतच ती — एक कालव, एक घोट, मग निर्णय. मला कुठला एवढा दम! पंप लावला आणि सेमियोंची अख्खी टाकी सोविन्योंत सोडली. वरून थोडी म्युस्कादेल द्राक्षाची, वासासाठी. एकदा मिसळलं की कुणाचा बाप वेगळं करू शकत नाही.
चाखली. अहाहा! ही वाईन मायलिसची.

१० फेब्रुवारी, शनिवार
टाकीतून बाटली भरली, आत्याला न सांगता खोपट्यावर नेली. मायलिसनं कालव उघडलं, गिळलं, घोट घेतला. मग पेला खाली ठेवला.
"नुसती छान आहे रे. पण कालवासोबत खिळा चाटल्यासारखं लागतं."
माझं डोकं फिरलं. म्हणालो, कालवच शिळं असेल.
कालववाल्याच्या खोपट्यात, गिऱ्हाईकांसमोर, हे बोललो मी! फेरेओलकाकांनी सुरी पुसली. आवाज न चढवता म्हणाले, यंदा वाईन दुसरीकडून बघतो.
येताना गाडी थांबवली. आत्यासाठी घेतलेल्या टोपलीतलं एक कालव उघडलं, वर घोट घेतला.
खिळाच.

११ फेब्रुवारी
आत्याला सगळं सांगितलं. हिमानं सोविन्यों आधीच कमी आली होती, दुरुस्तीला थेंब उरलेला नाही. एवढ्या वर्षांचं गिऱ्हाईकही गेलं. वाटलं, आता हेही दार बंद.
तिनं पेला भरला. हुंगला, प्यायली. मग तवा चढवला.
"वाईन बिघडली नाहीये. तू तिला चुकीच्या पानावर बसवलीस. आता तिचं पान शोध. स्वयंपाक तू करायचास."

१५ फेब्रुवारी
बकरीचं चीज — नाही, दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत. लोण्यातला मासा — बरा. मलईतल्या अळंब्या — चांगल्या. आज लसूण घालून भाजलेली कोंबडी. दोन घास, एक घोट. दोघांनीही पुन्हा वाढून घेतलं! आत्यानं हाड चोखून बाजूला ठेवलं आणि म्हणाली की शनिवारी खोपट्यावर जायचं, माफी मागायला.
देवा, ही बाई मला कशी काय मिळाली?

१७ फेब्रुवारी
गेलो. काका वर बघेनात. म्हणालो, "कालव ताजं होतं काका. शिळं डोकं माझं होतं."
मायलिस हसली! काका नाही.
मी बाटली पुढे केली, कोंबडीचं सांगितलं. मायलिस म्हणाली, आठवडाभर कालवं हाताळून घरी कुणाला त्यांचा वासही नको असतो. रविवारी कोंबडीच असते. बाटली तिनं ठेवून घेतली.

२४ फेब्रुवारी
बाटलीबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. आत्या म्हणते, तू तोंड मिटून बसलास, हे पहिल्यांदाच होतंय.

३ मार्च, रविवार
दुपारी फेरेओलकाकांनीच जेवायला बोलावलं होतं, कोंबडीला. खोपट्यावर ही वाईन नाहीच म्हणाले, पण घरासाठी सहा खोकी. मायलिस टेबल मांडत होती. निळ्या नक्षीच्या बश्या तिनं काढल्या, माझ्याकडे बघितलं आणि कपाटात परत ठेवल्या.
"त्या पाहुण्यांच्या. तुला घरातलीच देते. कडेला टवका उडालाय, हात सांभाळ."