दोन बोटे उंच

चौथा घाव बसला आणि दाराच्या मधल्या फळीला भेग गेली. पण कुलूप शाबूत आहे, पेनात शाई आहे आणि साक्षीदार दोघेही आत आहेत, म्हणून लिहितो.

मी, काठ्या आणि वॉकर बनवणारा, वय वर्षे एकोणऐंशी, शुद्धीवर आहे. समोरच्या घरात राहणाऱ्या निवृत्त परिचारिकेने, जिला आम्ही सगळे सिस्टर म्हणतो, तीन प्रश्न विचारून तशी खात्री करून घेतली आहे. मृत्युपत्रात दबावाबद्दल लिहावे लागते. दबाव आहे. तो दारावर आहे, माझ्यावर नाही. बाहेर माझा मुलगा आहे, वय एकावन्न, हातात माझाच घण. मी घर आणि कारखाना दोन्ही सुनेच्या नावे करतो आहे असे त्याला कोणीतरी सांगितले. सांगणाऱ्याने खरे सांगितले.

दुसरे साक्षीदार शेजारचे कुलूपवाले. कारखान्याच्या या मागच्या खोलीचे कुलूप त्यांनीच बसवले आहे. ते म्हणतात, "मिस्त्री, कुलपाची हमी देतो. दाराची मागू नका."

कलम एक. कारखान्यामागच्या दोन खोल्या, त्यांतले सामान आणि बँकेत जे असेल ते सुनेला. माझे हाड मोडल्यापासून दोन वर्षे तिने मला उठवले, बसवले, धुतले. मुलगा तिच्यावर हात उचलतो का, असे मी तिला एकदा विचारले होते. ती म्हणाली, "त्यांचा सगळा राग तुमच्यापाशीच खर्च होतो, बाबा. माझ्यापर्यंत काही उरत नाही."

कलम दोन. माझी दोन फुटी लोखंडी पट्टी इस्पितळांना वॉकर पुरवणाऱ्या त्या माणसाला द्यावी, जो मला म्हणाला होता की म्हातारी माणसे सगळी एका मापाची असतात. ती त्याला कशी द्यायची हे कुलूपवाल्यांवर सोपवतो.

कलम तीन. नापास काठ्यांबद्दल.

लाकडात गाठ असली की काठी मी विकत नसे. पण गाठ नुसती वरवरची आहे की आतवर गेली आहे, हे डोळ्यांना नेहमी कळत नाही. मुलगा आठ वर्षांचा असल्यापासून अशा काठ्या मी त्याच्या पाठीवर तपासल्या. कारण नेहमी सापडे. दूध सांडले, कानस जागेवर ठेवली नाही, उलट बोलला. काठी मोडली तर मी म्हणे, नापास केली ते बरोबरच होते. नाही मोडली तर विकत असे. अशा चार-पाच काठ्या धरून कोणी अजूनही चालत असेल. त्यांनी त्या टाकू नयेत. काठ्या चांगल्या आहेत.

हे मी कबूल करतो. माफी मागत नाही. घण घेऊन उभ्या असलेल्या माणसाची माफी मागितली तर ती माफी राहत नाही.

(इथे त्याने ओरडून विचारले, "म्हाताऱ्या, लिहून झालं का सगळं तिच्या नावावर?" मी म्हटले, "घण दांड्याच्या टोकाला धर. इतका वर धरलास तर मनगट जाईल." कुलूपवाले म्हणाले, "अहो, त्याला शिकवताय काय!" बाहेर सून म्हणाली, "अहो, पुरे. आत माणसं आहेत." तो म्हणाला, "माणसं दोनच आहेत.")

कलम चार. माझ्या पत्नीची काठी.

संधिवाताने ती पन्नाशीच्या आतच वाकली होती. तिचे माप मी या खोलीत घेतले. माप घेताना म्हातारे माणूस ताठ उभे राहते. सांगावे लागत नाही, लाज असते. ती तर लग्नात उभी राहिली होती तशी उभी राहिली. मी जमिनीपासून मनगटापर्यंत माप घेतले, शिसवाची काठी केली, मुठीला पितळी कडे बसवले. नंतर ती वाकूनच चालली, जशी रोज चालायची. काठी उंच झाली की खांदा वर चढतो, भार काठीवर उतरत नाही आणि ती ऐनवेळी बाजूला सरकते. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी ती सरकली. तिचे डोके दगडावर आपटले. तीन दिवस होती.

चौथ्या दिवशी मुलगा, तेव्हा एकोणीसचा, काठी हातात घेऊन म्हणाला, "बाबा, ही दोन बोटं उंच आहे."

मी ती त्याच्या हातातून घेतली आणि त्याच काठीने त्याला मारले. खाली पडला तरी मारत राहिलो. कान फुटला, त्या कानाने त्याला आजही कमी ऐकू येते. काठी मोडली नाही. ती चांगली काठी होती. फक्त उंच होती.

ती कपाटामागे आहे. कोणालाही देऊ नये.

कलम पाच. दोन वर्षांपूर्वीच्या पडण्याबद्दल. इस्पितळात मी पाय घसरला असे सांगितले. सिस्टरना तेव्हाही पटले नव्हते. आता खरे लिहितो. गुडघे धरले होते, म्हणून मी वॉकर धरून लेथकडे चाललो होतो. साधा चौपायी वॉकर, मीच बनवलेला. तो उचलून पुढे ठेवावा लागतो, आणि उचललेला असतो तेवढा क्षण माणूस कशालाही धरून नसतो. मुलाने लाथ मारली ती नेमकी त्या क्षणी. आधी नाही, नंतर नाही. चारही पाय हवेत होते. खुब्याचे हाड मोडले.

अंथरुणात सहा महिने मी त्या क्षणाचाच विचार केला. चाळीस वर्षे मी ठणठणीत होतो, म्हणून माझ्या काठ्या आणि वॉकर ठणठणीत माणसांसाठी होते. दोष शोधायला मला एक लाथ लागली.

नव्या वॉकरमध्ये तो क्षण नाही. त्याचे दोन अर्धे आहेत, मध्ये बिजागरी. डावा पुढे सरकतो तेव्हा उजवा जमीन धरून असतो, मग उजवा सरकतो. मागचे पाय बोटभर बाहेर फाकवले आहेत. असे आधी कोणी केले असेल तर मी पाहिलेले नाही. पहिला मी माझ्यासाठी केला. भिंतीशी उभा राहिलो, मनगटापाशी पेन्सिलीने खूण केली, त्या मापाचा बनवला. तो आता माझ्याशेजारी उभा आहे. त्यालाही मोडून टाकीन, असे मुलाचे बाहेरून सांगणे आहे.

कलम सहा. कारखाना, लेथ, पाइप वाकवायचे यंत्र आणि नव्या वॉकरचा साचा

(यापुढे सुनेचे नाव लिहिले होते. खोडले आहे. समासात सही केली आहे. कारण पुढे देतो.)

घावांचा आवाज बदलला आहे. इतका वेळ तो फळीच्या मधोमध मारत होता, म्हणजे नुसत्या रागाने. मग थांबला. हात फिरवून पाहिला असावा. आता खालच्या बिजागरीवर मारतो आहे. तिथला स्क्रू आखूड आहे. हे मला माहीत होते, कुलूपवाल्यांना नव्हते, आणि त्याला मी कधी सांगितले नव्हते.

कुठे मारले की पडते हे त्याला कळते. उंबऱ्याशी त्याला कळले, लेथपाशी कळले, आता दाराशी कळले. माझ्या ओळखीत असे दुसरे माणूस नाही. जे पडू नये ते बनवायला हीच नजर लागते, आणि सून कितीही भली असली तरी ती तिच्यापाशी नाही. म्हणून कारखाना आणि साचा मुलाला. याला माया समजू नये.

सिस्टर म्हणाल्या, "तो दार फोडतोय आणि तुम्ही त्यालाच देताय?"

मी म्हटले, "फोडतोय कसा, ते बघा ना."

अट एकच. कोणालाही वॉकर विकण्याआधी त्याने स्वतः महिनाभर तो धरून चालावे. गुडघ्यांना वाळूच्या पिशव्या, चष्म्याला ग्रीस, बुटात खडे. आणि कोणाचेही माप त्या माणसाला सांगून घेऊ नये. बोलता बोलता घ्यावे, माणूस थकल्यावर, त्याचे लक्ष नसताना.

वरची बिजागरी तेवढी राहिली आहे. मी वाचून पाहिले, बरोबर आहे.

लिहून देणार: मिस्त्री (सही)
साक्षीदार एक: सिस्टर (सही)
साक्षीदार दोन: कुलूपवाले (सही, दार पाठीने रेटून धरून केल्यामुळे वाकडी)
ठिकाण: कारखान्याची मागची खोली
दिनांक: अकरा, शुक्रवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे

साक्षीदार एक हिची नोंद, शनिवार:

सह्या झाल्यावर दार पडले. मुलगा आत आला. त्याने कागद वाचला नाही. मिस्त्री नवा वॉकर धरून उभे राहिले, दोन पावले पुढे आले आणि म्हणाले, "मार." त्याने वॉकरला लाथ मारली. ते हलले, पडले नाहीत. दुसरी मारली. तिसऱ्या लाथेला त्याच्याच पायाचे हाड मोडले. आवाज सगळ्यांनी ऐकला. मी त्याच्या पायाला फळी बांधली.

आज सकाळी सात वाजता मी मुलाचा पाय बघायला गेले. मुलगा स्टुलावर बसून करवत पुसत होता. मिस्त्री वॉकर धरून लेथपर्यंत गेले आणि परत आले. खांदे खाली होते. टेबलावर वॉकरच्या पायांचे चार कापलेले तुकडे होते. मी एक मोजला. दोन बोटे भरला.