माडीवरच्या प्रार्थनाघराची वारसदारी

मी, खाली सही करणारी, पुस्तकबांधणीचा व्यवसाय करणारी, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. मला धाक घालता घालता बिशप थकले, तिथे इतरांची काय कथा. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते.

१. जुनी लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, आणि जुनी शिकवण ज्यांनी बाजूला सारली ते पोप असू शकत नाहीत, संत पेत्राचे आसन, म्हणजे पोपची गादी, आज रिकामे आहे, हे मी चौकाचौकात सांगितले. त्यातला एक शब्दही मागे घेत नाही.

२. राहते घर माझ्या पतीला. ते पोपला मानतात आणि मोठ्या चर्चमध्ये जातात. दर रविवारी आम्ही एकाच दारातून निघालो आणि कोपऱ्यावर वेगळे झालो. "अगं, बाप चुकला म्हणून बाप राहत नाही का?" ते विचारतात. "अहो, चुकू दे की. पण त्यानं घरच दुसऱ्याच्या नावावर केलं तर?" मी म्हणते. वाद अजून सुटलेला नाही. माझ्यामागे त्यांनी तो एकतर्फी जिंकल्याचे जाहीर करू नये.

३. दाबयंत्र, दाभणे, सरसाची भांडी आणि सगळी पुस्तके मुलीला. ती दोन्हीकडे जात नाही. पुस्तकांच्या समासात मी लेखकांना जे सुनावले आहे ते तिने आधी वाचावे, मग हवे तर खोडावे.

४. आता भांडणाचे मूळ. माझ्या पुस्तकबांधणीच्या कारखान्याच्या माडीवरचे प्रार्थनाघर माझ्या मालकीचे आहे. तिथल्या मूठभर माणसांतही दोन तट आहेत. शिंपी म्हणतो, पोपचे नाव घेणाऱ्याला जिनाही चढू देऊ नये. घड्याळवाला म्हणतो, पोप चुकतोय, पण पोप आहे. परत जाऊन आत राहून भांडावे. मिस्सेत पोपच्या नावाची जागा आली की आमचे फादर ते नाव गाळतात. तेवढ्यात घड्याळवाला मागून ते मोठ्याने म्हणतो, आणि शिंप्याला नेमका तेव्हाच खोकला येतो.

खोली दोघांनाही हवी आहे. "ताई, याला दिलीत तर वेदीवरची वस्त्रं मी काढून नेईन," शिंपी म्हणतो. "ने की, उसवलीच आहेत," घड्याळवाला म्हणतो.

दोघे मला पाठच्या भावांसारखे आहेत, पण एकाला दिली तर दुसरा रस्त्यावर येईल. म्हणून खोली माझ्या पतीला. त्यांनी तिथे कधी पाऊल टाकले नाही. मात्र पावसात जिन्याखाली छत्री धरून, माझे भाषण संपेपर्यंत ते उभे राहिले आहेत. दार उघडे ठेवायला असा माणूस लागतो. नाव घेणारा असो वा न घेणारा, त्यांनी कोणालाही अडवू नये.

५. ज्या दिवशी शिंपी आणि घड्याळवाला एकाच मिस्सेत, एकाच पोपचे नाव, एका आवाजात घेतील, त्या दिवशी ख्रिस्तसभा पुन्हा एक झाली असे समजून पतीने ही खोली बिशपांच्या स्वाधीन करावी. तो पोप कोण, हे देवाने ठरवावे. मी वर गेल्यावर पाठपुरावा करीन.

६. माझा दफनविधी जुन्या लॅटिन पद्धतीने, आमच्या फादरांनी करावा. तिथे माझे पती पोपसाठी प्रार्थना करतील. त्यांना कोणी गप्प करू नये. ते काम माझे होते.

मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. शिंपी आणि घड्याळवाला यांना काहीच मिळत नाही, म्हणून दोघांना बोलावले. एका टेबलाशी बसून त्यांनी हे सगळे वाचले.

शिंपी म्हणाला, "ताई, हा अन्याय आहे."

घड्याळवाला म्हणाला, "अगदी बरोबर बोलतोय हा."

सही: पुस्तकबांधणीवाली
साक्षीदार: शिंपी, घड्याळवाला (दोघांची सही एकाच पेनाने)
स्थळ: कारखाना, कागद कापायचे टेबल
दिनांक: आजचा, रविवार, मिस्सेनंतर