बदकातलं ज्येष्ठ दाम्पत्य

वन्संना,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे साष्टांग जमत नाही, तेव्हा सध्या शिर तेवढं घ्या. बाकीची अंगं मनाने वाकली आहेत असं समजा.)

तुमची तब्येत बरी असेल. कानातलं यंत्र आता शिट्टी मारत नाही ना? आणि नवी कवळी टोचते का? टोचत असेल तर वरची की खालची, जेवताना की बोलताना, ते सविस्तर कळवा. (हा प्रश्न माझा नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा आहे. त्यांच्याविषयी पुढे ओघात येईल, पण फारसं नाही.) इकडे सगळं ठीक आहे. तुमचा भाचा त्याच्या ऑफिसात, सूनबाई तिच्या ऑफिसात आणि मी घरात. निदान झाडांची पानं पिवळी पडेपर्यंत तरी मी घरातच होते.

झालं असं की, मी रिटायर झाल्यापासून घरात घोषणा करते, अशी सूनबाईची तक्रार आहे. आता दूधवाला आला की ‘दूधवाला आला’ एवढंच मी म्हणते. यात घोषणा कसली? पण सगळी नोकरी स्टेशनच्या माईकवर कुठली गाडी कुठल्या फलाटावर येते ते सांगण्यात गेली, त्यामुळे आवाज जरा पोचतो, हे मला मान्य आहे. (मागच्या महिन्यात समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई भांडं घेऊन खाली आल्या. त्यांचा दूधवाला वेगळा आहे.) तर सूनबाईने मोठ्या प्रेमाने मला पालिकेच्या शरद महोत्सवाचा पास आणून दिला. या पासात पानं बघायची सहल, तळ्यात नौकाविहार, मैदानावर सिनेमा, काय वाट्टेल ते आहे. सगळं शनिवार-रविवारी, म्हणजे नेमकं ती घरी असते तेव्हा. याला मी योगायोग म्हणते.

पण पास निघाला दोघांचा. तुमचे बंधू असते तरी उपयोग नव्हता, हे तुम्हीही जाणता. ‘झाडं बघायला मुद्दाम कशाला जायचं? ती कुठे जाताहेत?’ असं म्हणून ते खिडकीत बसायचे. आता त्यांना जाऊन पाच वर्षं झाली आणि त्या खिडकीत सूनबाईच्या कुंड्या आहेत. तुमच्या भाच्याला वेळ नव्हता. शेजारणीला मांजर आहे. तेवढ्यात जिन्यात डॉक्टर भेटले. पास फुकट जाऊ नये, या एकाच कारणासाठी मी त्यांना विचारलं. ते ‘चालेल’ म्हणाले आणि मग म्हणाले, ‘कुठे?’ माणूस विधुर, दवाखाना बंद केलेला, स्वभावाने शांत. खोड एकच. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाहीत, दातांत बघतात. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना हसायचं की नाही, ते आधी ठरवावं लागतं.

पहिल्या रविवारी पानांची सहल झाली. सोबत एक माहितगार बाई होत्या. त्यांनी पानं का पिवळी पडतात ते सांगितलं, लाल का होतात ते सांगितलं, आणि मग प्रत्येकाने एकेक झाड निवडून त्याला मिठी मारावी आणि झाडाचं म्हणणं ऐकावं, असं सुचवलं. माझ्या झाडाचं काही म्हणणं नव्हतं. डॉक्टरांनी मात्र चिकाचं झाड निवडलं. वेळ संपली, सगळे सुटे झाले, डॉक्टर झाले नाहीत. त्यांचा स्वेटर झाडाला चिकटला होता. सभ्य माणूस, त्यामुळे कोणाला न सांगता तसेच उभे होते. लोकांना वाटलं, यांना फार भरून आलंय. माहितगार बाईंनी तर सगळ्यांना हळू बोलायला सांगितलं. शेवटी मी पर्समधल्या कात्रीने पुढचा भाग कापून त्यांना सोडवलं. तो भाग अजून झाडावर आहे. नवा स्वेटर विणायला घेतला आहे, पण केवळ नुकसानभरपाई म्हणून. (रंग राखाडी. त्यांना निळा शोभतो, पण तो विचार मी केलेला नाही.)

नंतरच्या शनिवारी नौकाविहार. मला वाटलं, होडी असेल, नावाडी असेल. तिथे प्लास्टिकची बदकं होती. एकेका बदकाच्या पोटात दोघांनी बसायचं आणि सायकलसारखे पाय मारायचे. माझा एक गुडघा चालत नाही आणि डॉक्टरांचे दोन्ही चालतात, त्यामुळे आमचं बदक गोल फिरायला लागलं. आम्ही चकरा मारत मारत तळ्याच्या मध्यावर गेलो आणि तेवढ्यात धुकं उतरलं. असं दाट, की आमच्याच बदकाची चोच दिसेना. चारी बाजूंनी माणसं ओरडायला लागली. एक बाई रडत होती. एकजण किनाऱ्यावरच्या शिट्टीवाल्याला नको नको ते बोलत होता. मला राहवलं नाही. मी माझ्या जुन्या आवाजात सांगितलं, ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. घाबरू नये. सर्व बदकांनी आवाजाच्या दिशेने यावे.’ वन्सं, एवढी शांतता पसरली म्हणून सांगू! सगळी बदकं शिस्तीत आवाजाच्या दिशेने आली. अडचण एवढीच, की आवाज तळ्याच्या मध्यावर होता. किनारा कुठे आहे ते मलाही माहीत नव्हतं. म्हणजे आधी जी माणसं वेगवेगळी हरवली होती, ती आता एका जागी हरवली.

डॉक्टर म्हणाले, ‘गाडी आली, पण फलाट नाही.’ एवढं साधं वाक्य. पण मला हसू आवरेना. इतकी हसले, की बदक हलायला लागलं. पाच वर्षांत अशी हसले नव्हते. डॉक्टर तेव्हा माझ्या दातांत बघत नव्हते. हे सहज लक्षात आलं, म्हणून लिहिते.

धुकं विरळ झालं तेव्हा काठावर वर्तमानपत्राचा फोटोग्राफर उभा होता. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा फोटो आला, आणि खाली ओळ: ‘पानगळीच्या मोसमात नौकाविहाराचा आनंद लुटताना एक ज्येष्ठ दाम्पत्य.’

सोमवारी तुमच्या भाच्याच्या ऑफिसात तो फोटो त्याच्या टेबलासमोरच चिकटवण्यात आला. रात्री जेवताना तो ताटाकडे बघत म्हणाला, ‘आई, हे दाम्पत्य म्हणजे कोण?’

मी म्हटलं, ‘त्यातली एक मी. बाकीचं पेपरवाल्याच्या मनातलं.’

‘लोक मला अभिनंदन म्हणताहेत.’

‘मग तू काय म्हणालास?’

‘थँक्यू म्हणालो. मला वाटलं, प्रमोशनचं म्हणताहेत.’

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. म्हणजे बोलतो, पण मीठ मागण्यापुरतं. म्हणून मी डॉक्टरांना घेऊन पेपरच्या ऑफिसात गेले. तिथे एक सर्दी झालेला उपसंपादक होता. तो म्हणाला, ‘खुलासा छापू. दाम्पत्य नाही, तर मग नातं काय लिहू?’ मी ठणकावून सांगितलं, ‘शेजारी.’ त्याने लिहून घेतलं आणि डॉक्टरांना विचारलं, ‘तुमचंही हेच म्हणणं?’ डॉक्टर बराच वेळ त्याच्या पुढच्या दातांकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘जरा विचार करू द्या.’ एवढ्या साध्या गोष्टीला विचार कसला लागतो? असो. खुलासा छापून आला की कात्रण पाठवीन, म्हणजे तुमच्याकडे कोणी भलतंसलतं बोललं तर दाखवता येईल.

जावईबापूंना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. कान जपा.

तुमची
भावजय

ता.क. खुलासा छापून येणार नाही. वर ते लिहायला धीर झाला नाही. पेपरच्या ऑफिसातून बाहेर पडल्यावर डॉक्टर फुटपाथवर थांबले आणि म्हणाले, ‘मी आयुष्यभर लोकांचे दात काढत आलो. ही ओळ काढायलाच हवी का?’ मी पुन्हा आत गेले आणि उपसंपादकाला सांगितलं, राहू द्या. तर वन्सं, चार दिवस इकडे येता का? तुमचा भाचा आत्याचं ऐकतो. सगळ्या शहराला ऐकू जाईल असं मी बोलू शकते, पण हे त्याला सांगायला माझा आवाज फुटत नाही. अर्थात, आधी तुम्हाला चालणार असेल तरच. भाऊ तुमचा होता.

ता.क. २. तुमच्या बंधूंच्या फोटोपुढे उभी राहून त्यांनाही विचारलं. ते काही बोलले नाहीत. संसारात ते न बोलले की मी होकार धरत आले. या वेळी तसं धरायला मन घेत नाही, म्हणून तुम्हाला विचारते आहे.

ता.क. ३. उत्तर ‘हो’ असेल तर लगेच फोन करा. ‘नाही’ असेल तर पत्रच पाठवा. आमच्याकडे हल्ली टपाल फार उशिरा येतं.