नमुन्याच्या फळीवरचे हार

सोलापूर, दसऱ्यानंतर दोन दिवसांनी, १९७४

सोयरे हरिबा पाहुणे यांना धुळाप्पाचा रामराम. तुमचा गुडघा आणि तुमची मेंढरं आता नीट चालत असतील. (गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधा. मेंढरांचं मला कळत नाही.) आमचं इकडे बरं म्हणायचं.

तुम्ही विचारलंत, बहीण जाऊन वर्ष होत आलं, अजून तिच्या फोटोला हार का नाही? लोक नावं ठेवतात. खरं आहे. घरची बायको असून केराबाईचा एकच फोटो माझ्याकडे आहे, बाजारात भाजी घेताना न सांगता काढलेला. अंबाड्यात शेवंती, आणि मी दिसल्यावर हसलेली. तो मी चौकात कॅमेऱ्याशेजारी नमुन्याच्या फळीवर लावलाय. गिऱ्हाईक बायका म्हणतात, आमचा असाच काढा, फुलासकट. मी काढतो, पण ती कोण हे सांगत नाही. केसातलं फूल निराळं, पाहुणे, आणि फोटोवरचा हार निराळा. एकदा हार घातला की माणूस गेलं. माझा हातच उठत नाही.

खंडेनवमीला कॅमेऱ्याची पूजा मांडली. समोरच्या फुलवाल्या सोजरबाईला म्हटलं, सगळ्याला हार घाल, आणि नारळ आणायला गेलो. (सगळ्याला म्हणजे कॅमेरा, तिवई आणि फोटो धुवायची बादली.) बाईने फळीवरच्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना झेंडूचे हार घातले! परत येतो तो काय, गिरणीतल्या विरुपाक्षाची अक्कलकोटहून आलेली सासू त्याच्या फोटोपुढे ऊर बडवतेय (निम्मं कानडीत), आणि खुद्द विरुपाक्ष तिला टोपीने वारा घालत ओरडतोय, "मामी, म्या हितं हाय की! जित्ता हाय!" बाईला पटता पटेना. शेवटी डोळे पुसून तिने फळी पुन्हा निरखली आणि केराबाईवर बोट ठेवून म्हणाली, "येवडी एकच बाई वाचली म्हनायची!"

हार नव्हता तो तिलाच. सोजरबाईला विचारलं, तर म्हणते, "तिच्या डोस्क्यात माजीच शेवंती हाय. वर आनि हार कशापायी?" चौकातले लोक हसले, मीही हसलो. घरी आलो, दार लावलं आणि पोटभर रडलो.

तेव्हा हाराची घाई नको, एवढंच कळवायचं होतं. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
धुळाप्पा

ता. क. – वर लिहिलं ते लिहिलं, पण वर्षश्राद्ध काही टळत नाही. दिवाळी झाली की या.

आणखी एक – हार मी सोजरबाईकडून आणून ठेवीन. घालायचा तेवढा तुमच्या हाताने घाला. तोवर मी नळावरून पाणी घेऊन येतो.