पाचवा आकडा

५ डिसेंबर, सोमवार

पुन्हा पडला! रुळावरच्या छोट्या गाडीवर तोलायचा दांडा सकाळी नऊला अकरा सेकंदांत आडवा. दुपारी तोच दांडा, तीच गाडी, तीच समीकरणं – आणि चार मिनिटं ताठ उभा! मी एकटीच टाळ्या पिटत होते.

चौदाला सकाळी नऊला विद्यापीठाची समिती येणार. चालत्या गाडीवर दांडा मिनिटभर उभा राहिला तर प्रयोगशाळा राहील, नाहीतर या तळघरात मोडक्या खुर्च्या रचणार. दुपारी बोलवा म्हटलं, तर दुपारी त्यांना बेशबर्माकचं, म्हणजे मटण-शेवयांचं, जेवण आहे म्हणे.

६ डिसेंबर

आमचे सर, शायलोबेक अगाय, यांचं ठरलेलं वाक्य – "बेगायिम, गाडी कुठे, किती वेगात, दांडा किती कलला, किती वेगात कलतोय. चार आकडे सांग, पुढचं मी सांगतो. मागचं विचारायचं नाही." सगळी विद्या एवढीच! सकाळचं पडणं मात्र त्यांच्या लेखी 'अज्ञात अडथळा'. अठरा वर्षं प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रबंधात हाच शब्द.

"अगाय, अज्ञात आहे तर रोज घड्याळ बघून कसा येतो?"

ते चहा ढवळत राहिले. साखर घातलीच नव्हती.

८ डिसेंबर

सापडला!! रूळ पुसायला गेले, बोटाला पांढरं, मेणचट काहीतरी. वास घेतला – मेंढीच्या शेपटीची चरबी! सकाळच्या थंडीत थिजते, गाडी अडखळते. दुपारी रेडिएटर तापला की वितळते आणि गाडी मऊ धावते. पाचवा आकडा – चरबीचं तापमान!

आमचे मेकॅनिक सोवेतबेक – सगळे त्यांना बायके, म्हणजे दादा, म्हणतात – शांतपणे म्हणाले, "ग्रीस संपलं तेव्हापासून हीच लावतो. ग्रीस विकत आणावं लागतं, ही घरात असते." मग जरा ओशाळून, "ग्रीस लावू का आता?"

खबरदार! माझा आकडा जाईल. जिन्यात नाचले. ग्रंथपाल बाईंनी पाहिलं. पाहू देत.

१० डिसेंबर

रुळाला तापमापक चिकटवला. घर्षण आता उबेबरोबर बदलतं. समीकरण सरळ राहिलंच नाही, पण काय देखणं वाकडं झालंय! थंडीत गाडीला जोरात ढकल, ऊब आली की हात आखडता घे – एवढंच गाडीच्या संगणकाला शिकवलं. सकाळी चाळीस सेकंद. आनंदात सात तळलेले बोर्सोक खाल्ले.

१३ डिसेंबर

सकाळी नऊला सहा मिनिटं. कंटाळून मीच बंद केलं.

१४ डिसेंबर, बुधवार

उभा राहिला! समितीतल्या एका गृहस्थांनी फुंकर मारून पाहिली, तरी हलला नाही. प्रयोगशाळा राहिली. तिथेच सही झाली.

मग मला राहवेना. सांगून टाकलं – अठरा वर्षांचा अज्ञात अडथळा म्हणजे मेंढीची शेपटी! समिती पोट धरून हसली. "रूळ आहे की कढई?" एकजण म्हणाले. दुसरे म्हणाले, "इतकी वर्षं कुणाच्या नाकालासुद्धा कळलं नाही?" बायके थोडे हसले, मग टोपी घेऊन बॉयलर बघायला गेले. बॉयलर काही त्यांचं काम नाही. अगाय हसले नाहीत. म्हाताऱ्यांना गंमत कळत नाही. मी तर अजून हवेत आहे!

१५ डिसेंबर

प्रबंधासाठी अगायंची जुनी वही काढली. डिसेंबर १९९३. चार आकडे. खाली पाचवा – चरबीचं तापमान – आणि त्यावर काट. समासात त्यांचं बारीक अक्षर:

"सोवेतबेक घरच्या हिवाळ्याच्या साठ्यातली आणतो. घरात चार मुलं. सहा महिने पगार नाही. हा आकडा लिहायचा नाही."

मी खाली प्रयोगशाळेत गेले. रूळ पुसून लख्ख. त्यावर नवं ग्रीस.