गुडघ्याचं निमित्त

प्रिय धाकटे,

सगळ्यांत आधी हजर झाला तो काळा चष्मा लावलेला एक उंच म्हातारा. दिवेलागण होऊन गेलेली, आणि हा गृहस्थ काळा चष्मा लावून जुन्या शहराच्या वेशीत ऐटीत उभा. मी मनात म्हटलं, आला सिनेमातला हिरो. त्याच्यामागून त्याची बायको, पायरी दिसली की बसणारी. मग मोबाईलचा उजेड सगळ्यांच्या डोळ्यांत मारत एक नवराबायको, मग आणखी दोघं-तिघं, आणि सगळ्यांत शेवटी धापा टाकत गाइडबाई, जिने खरं तर आधी यायचं. तिचा आवाज असा की तटावरची कबुतरं उठली. आणि तुझ्या जागी कोण होतं, माहीत आहे? माझी कापडी पिशवी. बसमध्येही खिडकीशी तिलाच बसवली होती. माझ्या नातीने मोबाईलवरून या रात्रीच्या फेरीच्या दोघींच्या जागा धरलेल्या, लॉजवर दोन खाटांची खोली घेतलेली, आणि आदल्या दिवशी तुझा फोन, की अक्का, गुडघा धरलाय, तू जाऊन ये. त्या गुडघ्याला मी सोडणार नाहीये. येते त्याच्यावर.

हे पत्र तुला सूनबाई वाचून दाखवणार हेही मला ठाऊक आहे. सूनबाई, रागाचे शब्द आले म्हणून गाळू नकोस आणि मधेच चहा ठेवायला उठू नकोस. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच. शाळेत ही गेली, मी हिला शाळेच्या दारापर्यंत सोडून घरी यायचे, आणि ही घरी येऊन गिरवायला लावायची तेवढंच माझं शिक्षण.

तर गाइडबाई. मी एकटी म्हातारी दिसले ना, तिने मला काचेच्या भांड्यासारखं सगळ्यांच्या पुढे ठेवलं. आजी, खड्डा. आजी, उंचवटा. आजी, जपून. जपून जपून म्हणता स्वतःच ठेचकाळली. मला असा संताप आला. म्हातारं माणूस दिसलं की लोकांना वाटतं, याला पाय दिलेत ते फक्त मोडण्यासाठी. पण संतापायला तरी वेळ कुठला? अगं, दिवसा मी तेच शहर पाहिलं होतं. नुसती गर्दी, हॉर्न आणि बोर्डांवर बोर्ड. अंधार पडल्यावर दुकानांची शटरं खाली येतात, बोर्ड दिसेनासे होतात, आणि वरचे मजले बाहेर येतात. नक्षीच्या खिडक्या, गॅलऱ्या, एकमेकींच्या अंगावर रेललेली घरं, जशा काही बायका कुणाचं तरी उणं काढतायत. पायाखाली झिजलेला दगड, चप्पल वाजायला लागली की आपल्याच मागे कुणीतरी येतंय असं वाटतं. मी हरखून गेले. आणि हरखले की तुला कोपर मारायची माझी सवय, ती मारली, तर लागली पिशवीला. पुन्हा संताप.

तिकिटं तपासताना त्या काळ्या चष्म्याचा उलगडा झाला. तो गाइडबाईंशी वाद घालत होता की मला काहीच दिसत नाही, तर माझं तिकीट निम्मं करा. ती म्हणाली, काका, अंधारात सगळ्यांनाच निम्मं दिसतं, मग मी जेवू काय? तो असा खळखळून हसला. मी माझ्या मनातल्या हिरोला मनातच हात जोडले. त्याची बायको माझ्या कानाशी लागून म्हणाली, जन्मभर आगगाडीत लोकांची तिकिटं तपासली यांनी, आता स्वतःच्या तिकिटावर भांडतात. आणि वर म्हणते कशी, मला दिसतंय पण बघायचं नाही, आणि यांना दिसत नाही तरी बघायचंय, असा आमचा संसार.

चौकात चहाची टपरी लागली तशी ती बाकावर बसली आणि तुम्ही या जाऊन म्हणाली. आता गाइडबाईंची पद्धत अशी, की पुढच्या गल्ल्यांत दिवे कमी, म्हणून दोघादोघांची जोडी लावायची आणि जोडीने एकमेकांना सांभाळायचं. माझी जोडी घरी गुडघा धरून बसलेली, त्या म्हाताऱ्याची टपरीवर. लावली आमची दोघांची. परका पुरुष, हात कुठे धरायचा? पिशवीचा एक बंद त्याने धरला, एक मी. चाललो.

तो म्हणाला, सांगा. म्हटलं, काय सांगू, भिंत आहे. तर म्हणे, भिंत आहे हे मलाही कळतंय, तिला हात लावूनच उभा आहे, कशी आहे ते सांगा. काय माणूस! पण मग मला बघावंच लागलं. सांगितलं, की मोठ्या दरवाजाला पोटात धाकटा दरवाजा आहे आणि त्याचा उंबरा मधोमध झिजून अंगाच्या साबणासारखा झालाय. वर एका खिडकीत बाई शर्टाला इस्त्री करतेय आणि शर्टाशी बोलतेय. शिंपी दुकान बंद करतोय, आणि बिनडोक्याचा पुतळा कडेवर घेऊन आत नेतोय, रडणारं पोर न्यावं तसा. तो हसायचा आणि म्हणायचा, पुढे. कुठला राजा, कुठलं साल, गाइडबाईंनी सगळं सांगितलं, माझ्या एका कानात शिरून दुसऱ्यातून गेलं. पण तो शिंपी मी मरेपर्यंत विसरणार नाही.

हौदावर दगडाचा सिंह होता. म्हाताऱ्याने हात पुढे केला तर गाइडबाई ओरडली, हात लावायला मनाई आहे. तो शांतपणे म्हणाला, “मग मला बघायलाच मनाई आहे, असं सांगा ना.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिला काही बोलणार, तेवढ्यात तिनेच पाठ फिरवली आणि घड्याळाच्या मनोऱ्याबद्दल मोठमोठ्याने सांगायला लागली, तिकडे, आमच्याकडे नाही. तोवर त्याने सिंहाच्या नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवून घेतला. मी म्हटलं, चेहरा थेट आमच्या काकांचा आहे, जेवण झाल्यावरचा.

तिथेच त्याने विचारलं, एवढं बोलता, एरवी ऐकायला कोण असतं? मी तुझं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. तो म्हणाला, डावा की उजवा? मी आठवून पाहिलं, तू एकदा डावा म्हणाली होतीस आणि एकदा उजवा. तो म्हणाला, माझे डोळे जायला लागले तेव्हा मी लोकांना कंबर सांगायचो. पिशवीचा बंद धरून पुढे चालायला लागला.

सकाळी मी फोन केला. सूनबाईने उचलला. गुडघा कसा आहे विचारलं तर ही भाबडी म्हणाली, “कुठला गुडघा, मावशी?” मग जीभ चावली, मग रडली, मग सगळं सांगितलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांवर टिकवायची. अगं, ताकाला जाऊन भांडं लपवतेस? तेही माझ्यापासून? खुंटीवरच्या कोटाला या, बसा म्हणालीस, नातू हसला, आणि तेव्हापासून पाहुणे आले की तू आतल्या खोलीत. तो पोर आहे, हसणारच. मीही हसले असते, आणि तूही हसली असतीस, पूर्वीची असतीस तर. मग तुझ्या लेकाने फोन घेतला. मला समजावायला लागला, की मावशी, तिला आम्ही अगदी नीट ठेवलंय, आता तिला कुठे नेऊन काय उपयोग, तिला दिसणार काय? नीट ठेवलंय! तू काय फळीवरची बरणी आहेस? मी फोन ठेवून दिला. सूनबाई, हे त्याच्यासमोर वाच, मोठ्याने.

आता ऐक, रागावले आहे तरी मी हे का लिहायला बसले. फोन केला त्याच संध्याकाळी मी पुन्हा त्याच गल्ल्यांतून गेले, एकटी. तेच दरवाजे, तोच हौद, शिंपीही होता. आणि धाकटे, मला काही दिसेना. नुसती भिंत, नुसता दरवाजा. सांगायला कुणी नव्हतं तर डोळे कशावर टेकतच नव्हते. अर्ध्या वाटेतून खोलीवर आले, आणि दुसऱ्या खाटेवरची चादर मुद्दाम विस्कटून ठेवली, कारण ती तशी घडी घातलेली मला बघवेना. तेव्हा तुला दिसणार काय, हा प्रश्नच चुकीचा आहे. तुला दिसावं म्हणून मी तुला नेत नाहीये, मला दिसावं म्हणून नेतेय. आता नाही म्हणायला तुझ्याकडे गुडघाही उरलेला नाही. पडशील म्हणतात, तर पड. मीही पडेन, दोघी मिळून उठू. मी गुरुवारी येते आहे. सूनबाई, हिचे थेंब, शाल आणि न घसरणारी चप्पल बाहेर काढून ठेव. लेकाला विचारू नका, नुसतं सांगा. फेरीच्या रात्री तटावरचा बुरूज डागडुजीसाठी बंद होता, त्यावरून म्हातारा गाइडबाईंशी पुन्हा भांडला, आणि बुरूज उघडला की आम्हा नवराबायकोला पुन्हा न्यायचं, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. बायकोसुद्धा हो म्हणाली, वर बसायला पायऱ्या आहेत म्हणून. मी आपल्या दोघींचा शब्द देऊन आले आहे. पुढच्या महिन्याचा पहिला शनिवार, दिवे लागले की, वेशीत.

तुझ्यावर अजून रागावलेली, तरी तुझीच,
अक्का