न गोठलेला कोपरा

बाबा, तुम्हाला सांगण्यासारखं चांगलं काही नाही. मला माझीच किळस येते आहे.

मी शहरात जमिनीखालच्या स्टेशनच्या कामावर आहे. खड्डा खोल, भोवती ओली वाळू, वर लोकांची घरं. पाणी आत शिरू नये म्हणून आम्ही आधी भोवतालची जमीनच गोठवतो. खोल नळ्या उतरवून त्यांतून बर्फाहून थंड मिठाचं पाणी फिरवायचं, की मातीतल्या पाण्याची बर्फाची भिंत होते. मग खोदायचं. आसगावच्या तलावात जाळं टाकणाऱ्याची पोर जमीन गोठवते, हे ऐकायला तुम्ही आज असता तर हसला असता.

तलावाची पाळ झिरपत होती, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची. ओल्या जागेवर चिखल थापून मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही आलात आणि टाचेनं तो चिखल उडवलात. "लपवून कायले रायली व? पाणी तं आतून येऊन रायलं." भोक सापडेपर्यंत तुम्ही दिवसभर खणत राहिलात. मी रुसून जेवले नाही.

गेल्या महिन्यात एका कोपऱ्यातलं तापमान उतरेना. दोन नळ्यांमधली माती गोठलीच नव्हती. मी साहेबांना सांगितलं. ते भजी खात होते. तेलकट बोटांनी कागद सरकवत म्हणाले, "बाजूच्या नळीचा आकडा लिहा, मॅडम. उद्या खोदाई आहे." मी लिहिला. खाली सहीही केली, अगदी वळणदार.

तिसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यातून पाणी आणि वाळू फुटली. खालची माणसं शिड्यांवरून पळाली म्हणून वाचली. पण वरच्या गल्लीत एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं घर खचलं. ती मशीन कवटाळून रस्त्यावर बसली होती. साहेब तिला म्हणाले, "इथली जमीनच खराब आहे." मी शेजारी उभी राहून मान हलवली. चौकशीत साहेब म्हणाले, तापमापक बिघडला असेल. सगळ्यांनी ते सोयीनं मानलं.

घर गेल्यावर तिला शाळेच्या एका खोलीत ठेवलं आहे; काल तिला बघायला तिथे गेले. तिनं माझा हात धरला. "तुमी तरी आल्या, मॅडम." मी हात सोडवला नाही. मला बरं वाटलं, बाबा, त्याचीच जास्त शिसारी येते.

हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही.